न तोडलेल्या झाडांचे पैसे

प्रश्न : नॉर्वेने ब्राझीलला जंगल न तोडल्याबद्दल एक अब्ज डॉलर दिले, असे वाचनात आले. काम केल्याचे पैसे मिळतात हे ठाऊक होते, न केल्याचेही मिळतात हे नवीनच कळले. पण जे तुटलेच नाही ते मोजतात कसे? पैसे घेऊन पुढच्या वर्षी तोडले तर? ‘पैसे द्या, नाहीतर तोडतो’ असे कोणी म्हटले तर? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा जगाने जंगलतोडीवर सरळ बंदी का घालू नये? ता. क. माझ्या बांधावरही साग आणि आंबा उभा आहे. मला काही मिळेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : एका पत्रात तुम्ही पाच प्रश्न घातले आहेत, आणि पाचवा ता. क. म्हणून हळूच सरकवला आहे. त्याचे उत्तरही शेवटीच देतो. उरलेल्या चारांत खरा पीळ आहे तो ‘मोजतात कसे’ यात. तो उलगडला की बाकीचे बरेचसे आपोआप सुटतात.

आधी पैसे कशाचे, ते पाहू. झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातला कार्बन खोडात, फांद्यांत, मुळांत साठवून ठेवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा वाटा कार्बनचा असतो. जंगल तोडून जाळले की तो कार्बन ऑक्सिजनशी जोडला जाऊन हवेत परततो. या जोडणीत वजन वाढते आणि एक टन कार्बनाचा ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. ॲमेझॉनच्या एका हेक्टरावर, म्हणजे अडीच एकरांवर, ब्राझीलने हिशेबासाठी सुरुवातीला १०० टन कार्बन धरला. हा आकडा मुद्दाम हात राखून धरलेला होता, कारण दाट जंगलात तो याहून जास्त असतो. तरीही एक हेक्टर जळाले की ३६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, असा त्याचा अर्थ होतो. पैसे आहेत ते हे ३६७ टन हवेत न सोडल्याचे.

इथे एक जुना गैरसमज बाजूला करायला हवा. ‘ॲमेझॉन म्हणजे पृथ्वीची फुप्फुसे, जगाचा वीस टक्के ऑक्सिजन तिथून येतो’ हे वाक्य शाळेच्या फलकांपासून फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांपर्यंत सगळीकडे भेटते. प्रत्यक्षात ॲमेझॉन जेवढा ऑक्सिजन तयार करते, जवळपास तेवढाच तिथली झाडे, प्राणी आणि कुजणारा पालापाचोळा वापरून टाकतात. वातावरणात ऑक्सिजन इतका आहे की जंगल गेले म्हणून आपला श्वास अडणार नाही. धोका आहे तो साठवलेला कार्बन बाहेर पडण्याचा.

दुसरा गैरसमज आपल्याकडच्या अनुभवातून येतो. जंगलतोड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोळीवाली बाई किंवा लाकूड चोरणारा ट्रक येतो. उष्णकटिबंधातल्या मोठ्या जंगलतोडीमागे मात्र बहुतेक वेळा लाकडाची नव्हे, जमिनीची हाव असते. ॲमेझॉनमध्ये तोडलेल्या जागेचा सर्वांत मोठा भाग गुरांच्या कुरणांखाली गेला आहे आणि सोयाबीनलाही जागा लागली आहे. इंडोनेशियात पामतेलाचे मळे आणि कागदाच्या लगद्यासाठी लावलेली झाडे यांनी जंगल खाल्ले. तिथल्या दलदलीच्या जमिनीत हजारो वर्षांचा कुजका पाला साठलेला आहे. मळ्यांसाठी चर खणून पाणी काढले की ही जमीन वाळते आणि पेटते. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. म्हणजे तोडणाऱ्याला तोडण्यात कमाई दिसते, आणि उभ्या जंगलाला त्याच्या लेखी भाव नसतो. या भाव नसण्यावरच पुढचे सगळे धोरण उभे आहे.

जगातल्या एकूण उत्सर्जनात जंगलतोडीचा वाटा किती? २००५ च्या सुमारास ‘जवळपास एक पंचमांश’ असे सांगत. आताचे अंदाज कार्बन डायऑक्साइडपुरते एक दशांशाच्या आसपास येतात. यात मोजमाप सुधारल्याचा भाग आहे, तसा कोळसा आणि तेल जाळणे वाढल्याने एकूण ढीगच मोठा झाल्याचाही आहे.

एवढा मोठा वाटा असूनही हवामानबदलावरच्या १९९७ च्या क्योटो करारात उभे जंगल राखण्याला जागा मिळाली नाही. २००१ मध्ये माराकेशला नियम ठरले तेव्हा विकसनशील देशांत नवी झाडे लावण्याच्या प्रकल्पांना क्रेडिट (हवेत कमी केलेल्या कार्बनाचे विकता येणारे प्रमाणपत्र) मिळेल, पण असलेले जंगल वाचवण्याला मिळणार नाही, असा निर्णय झाला. वरवर हे उफराटे वाटते, पण विरोध करणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. जंगलातला कार्बन नीट मोजता येत नाही, एकीकडे तोड थांबली तर ती दुसरीकडे सरकते, आणि श्रीमंत देश स्वस्तात जंगलाची क्रेडिट घेऊन आपल्या गिरण्यांची धुराडी तशीच चालू ठेवतील, अशी भीती होती. खुद्द ब्राझीलचाही विरोध होता. ॲमेझॉनच्या हिशेबवह्या परक्यांनी तपासाव्यात, हे त्या देशाला रुचणारे नव्हते.

२००५ साली माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन देशांनी हा विषय पुन्हा काढला. कोस्टा रिकाला तो अधिकारही होता. या चिमुकल्या देशाने आपले जंगल एकेकाळी बेसुमार तोडले होते. मग १९९७ पासून इंधनावरच्या कराचा एक हिस्सा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना द्यायला सुरुवात केली. आज त्या देशाचे निम्म्याहून अधिक क्षेत्र पुन्हा हिरवे आहे. देशात जे जमले ते देशादेशांत का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. २००७ च्या बाली परिषदेत तो मान्य झाला आणि पुढे या योजनेला ‘रेड प्लस’ हे नाव रूढ झाले. ‘रेड’ म्हणजे जंगलतोड आणि जंगलाचा ऱ्हास यांतून होणारे उत्सर्जन घटवणे. ‘प्लस’मध्ये जंगल जपणे, शाश्वत पद्धतीने वापरणे आणि त्यातला कार्बन वाढवणे या गोष्टी आल्या. या प्लससाठी भारताने बराच जोर लावला होता. कारण उघड आहे. आपल्याकडे फार मोठी तोड थांबवायची नव्हती, त्यामुळे नुसत्या ‘रेड’मध्ये आपल्या पदरात काही पडत नव्हते.

आता ‘मोजतात कसे’ याकडे येऊ. तुटलेले जंगल मोजणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. ब्राझीलची इन्पे ही अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून दरवर्षी उपग्रहाच्या चित्रांवरून ॲमेझॉनमधली तोड मोजते. वर्ष ऑगस्ट ते जुलै असे धरतात, आणि सव्वासहा हेक्टरांहून मोठा सपाट झालेला तुकडा हिशेबात घेतात. आकडे सर्वांसाठी खुले असतात. २००४ मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल गेले, २०१२ मध्ये ४,५७१. मधली निवडक झाडे काढून जंगल विरळ केले तर ते मात्र वरून सहज कळत नाही. ‘ऱ्हास’ हा शब्द करारात असला तरी हिशेबात तो अजून लंगडाच आहे.

प्रश्न आहे तो न तुटलेल्याचा. समजा, यंदा ७,००० चौरस किलोमीटर तुटले, तर ते दिसते. योजना नसती तर किती तुटले असते, हे कोणत्याच उपग्रहाला दिसत नाही. ते मानावे लागते. या मानलेल्या आकड्याला संदर्भपातळी म्हणतात. पैसे मिळतात ते संदर्भपातळी आणि प्रत्यक्ष तोड यांतल्या फरकाचे. म्हणून या धोरणातली निम्मी वादावादी ही एक रेघ कुठे ओढायची यावरच झालेली आहे.

ब्राझीलने सोपी रीत धरली. २००८ मध्ये ‘ॲमेझॉन निधी’ उभा केला तेव्हा १९९६ ते २००५ या दहा वर्षांची सरासरी काढली. ती वर्षाला सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आली. २०१० मध्ये प्रत्यक्षात ७,००० तुटले. फरक १२,५०० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे साडेबारा लाख हेक्टरांचा. त्याला ३६७ ने गुणा. सुमारे ४६ कोटी टन होतात. टनाला ५ डॉलर हा दर ठरला होता. म्हणजे त्या एका वर्षाच्या कामगिरीची किंमत जवळपास २३० कोटी डॉलर झाली. आता नॉर्वेची रक्कम पाहा. २००८ मध्ये कबूल करून २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायची होती ती १०० कोटी डॉलर, म्हणजे तुम्ही वाचलेले एक अब्ज. पाच डॉलरच्या दराने त्यात २० कोटी टनांचीच भरपाई होते. एका चांगल्या वर्षाच्या निम्मीही नाही. ब्राझीलला फुकटचे घबाड मिळाले, असे तुम्हाला वाटले असेल तर ते मनातून काढा. उलट बरीचशी घट ब्राझीलने बिनपैशाची करून दाखवली.

ही रीत सरळ आहे, पण तिच्यात एक खोच आहे. दोन भावांचे घ्या. थोरला दिवसाला दहा विड्या ओढतो, धाकटा एकही नाही. काकांनी जाहीर केले की कमी केलेल्या प्रत्येक विडीमागे पाच रुपये देईन. थोरल्याची चंगळ झाली, आणि धाकट्याला निर्व्यसनी असण्याचे मिळाले शून्य. जंगलांच्या बाबतीत हा धाकटा भाऊ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला गयाना. देशाचा सुमारे ८५ टक्के भाग जंगलाखाली आणि तोड नगण्य. गेल्या दहा वर्षांची सरासरी काढली तर त्याला दमडीही मिळणार नाही. मग २००९ मध्ये नॉर्वेने गयानाशी वेगळा करार केला. त्यात रेघ गयानाची स्वतःची तोड आणि विकसनशील देशांची सरासरी यांच्या मध्ये ओढली. त्यामुळे गयानाला २५ कोटी डॉलरपर्यंत मिळण्याची वाट खुली झाली. गंमत अशी की पुढच्या दोन-तीन वर्षांत सोन्याच्या खाणींमुळे तिथली तोड थोडी वाढली, तरीही ती रेघेच्या खालीच राहिली आणि पैसे मिळत गेले. टीकाकारांनी यावरून बरेच तोंडसुख घेतले. मला मात्र यात लबाडीपेक्षा अडचण जास्त दिसते. सुधारलेल्याला बक्षीस द्यायचे की आधीपासून चांगला असणाऱ्याला, हे एकाच सूत्रात बसत नाही.

रेघ सरकारे एकमेकांसमोर बसून, आकडे उघड ठेवून ओढतात तोवर निदान भांडता तरी येते. खाजगी प्रकल्पांत पाणी मुरले ते इथेच. एखादी कंपनी जंगलाचा एक तुकडा घेते, ‘आम्ही नसतो तर हा तुकडा वर्षाला एवढा तुटला असता’ असे स्वतःच ठरवते आणि फरकाची क्रेडिट विमान कंपन्यांना, पेट्रोल कंपन्यांना विकते. अंदाज जितका भयंकर, तितकी क्रेडिट जास्त. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतल्या २६ प्रकल्पांची तपासणी प्रसिद्ध झाली. प्रकल्पाच्या तुकड्यांची तुलना तशाच, पण प्रकल्प नसलेल्या तुकड्यांशी केली, तेव्हा बहुतेक प्रकल्पांनी तोड फारशी थांबवलेली दिसली नाही. जिथे थांबवली होती तिथेही दाव्यापेक्षा खूपच कमी. कार्बन क्रेडिट म्हणजे शुद्ध फसवणूक, असा सरसकट निष्कर्ष यावरून काढू नये. पण रेघ ओढणारा आणि पैसे घेणारा एकच असला की काय होते, ते यातून दिसते.

तुकड्यांच्या हिशेबात दुसरीही पळवाट आहे. कुंपण घातलेल्या तुकड्यात तोड थांबते आणि शेजारच्या डोंगरावर सुरू होते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत हिशेब शक्यतो अख्ख्या देशाचा धरावा असे ठरले. देशाबाहेर सरकलेली तोड यानेही पकडता येत नाही, पण देशातली तरी लपत नाही. ब्राझीलमध्ये मोठ्या व्यापारी कंपन्यांनी २००६ मध्ये ठरवले की ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन घ्यायचे नाही. ॲमेझॉनपुरता त्याचा चांगला परिणाम झाला. पण शेजारचा सेराडो हा गवताळ-झुडुपी प्रदेश त्या ठरावाच्या बाहेर होता, आणि तिथे नांगर चालतच राहिला.

तुमचा पुढचा प्रश्न, पैसे घेऊन पुढच्या वर्षी तोडले तर? हे प्रत्यक्षात घडले आहे. २०१९ मध्ये जाइर बोल्सोनारो ब्राझीलचे अध्यक्ष झाले आणि जंगलरक्षणाची यंत्रणा ढिली पडली. तोडीचे वाढते आकडे त्यांना पटेनात, तेव्हा इन्पेच्या संचालकांनाच पदावरून दूर केले. ॲमेझॉन निधीच्या समित्या बरखास्त झाल्या, नॉर्वे आणि जर्मनीने नवे पैसे थांबवले. २०२१ मध्ये तोड १३,०३८ चौरस किलोमीटरांवर गेली. २०२३ मध्ये माजी अध्यक्ष लुला पुन्हा अध्यक्ष झाले आणि निधी लगेच सुरू झाला. २०२४ चा आकडा ६,२८८ आहे.

मग आधी दिलेले पैसे बुडाले का? तसे म्हणता येत नाही, कारण पैसे आगाऊ दिलेले नव्हते. आधी घट मोजायची, मग पैसे, असा क्रम होता. २०१० मध्ये जे जंगल उभे राहिले त्याचा कार्बन त्या वर्षी आणि पुढची कित्येक वर्षे हवेबाहेर राहिला, ही कमाई खरी आहे. ती कायमची आहे, अशी हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही. म्हणून काही योजनांत क्रेडिटांचा एक हिस्सा राखीव ठेवतात, आणि नंतर जंगल जळाले तर त्यातून वजावट करतात. या चढउतारांतही २००४ नंतरचा ब्राझीलचा एकही वार्षिक आकडा त्या वर्षाच्या जवळ गेलेला नाही, हे ध्यानात ठेवा.

‘पैसे द्या, नाहीतर तोडतो’ या शंकेला थोडे हसू येते, पण तुम्ही म्हणता तसा प्रसंग जवळपास आला होता, फक्त जंगलाऐवजी जंगलाखालच्या तेलाबाबत. २००७ मध्ये इक्वेडोरचे अध्यक्ष राफाएल कोर्रेआ यांनी जगापुढे प्रस्ताव ठेवला की यासुनी राष्ट्रीय उद्यानाखालचे तेल आम्ही काढत नाही, त्या बदल्यात ३६० कोटी डॉलर द्या. जगाने हात आखडता घेतला. प्रत्यक्ष हाती आले ते सुमारे १.३ कोटी. २०१३ मध्ये कोर्रेआंनी नाद सोडला आणि पुढे तेल निघू लागले. २०२३ मध्ये इक्वेडोरच्या मतदारांनीच सार्वमतात तिथला उपसा थांबवण्याचा कौल दिला. धमकीवजा सौद्यात जग फारसे पैसे देत नाही, हे यातून दिसले. रेड प्लसच्या नियमांतही त्याची तजवीज आहे. भविष्यातल्या धमकीचे नव्हे, मागच्या सरासरीशी तुलना करून झालेल्या घटीचेच पैसे मिळतात. ब्राझीलची सरासरी दर पाच वर्षांनी नव्याने काढायची होती, त्यामुळे पुढच्या टप्प्यात रेघ १९,५०० वरून १६,५०० च्या आसपास खाली आली. मुद्दाम आधी तोडून सरासरी फुगवायची म्हटले तर कित्येक वर्षे वाट पाहावी लागेल, आणि तेवढा धीर तोडणाऱ्यांकडे नसतो.

याची उलट बाजूही सांगायला हवी. दरवेळी गैर वागतो तो जंगलवालाच असे नाही. २०१० मध्ये नॉर्वेने इंडोनेशियालाही एक अब्ज डॉलर कबूल केले. इंडोनेशियाने २०११ मध्ये मूळ जंगल आणि दलदलीच्या जमिनींवर नवे परवाने देणे थांबवले. पुढे २०१६-१७ च्या घटीबद्दल ५.६ कोटी डॉलर देणे ठरले, आणि ते कागदपत्रांत अडकून बसले. २०२१ मध्ये इंडोनेशियाने वैतागून करारच मोडला. नवा करार २०२२ मध्ये झाला, तेव्हा ते पैसे मिळाले. हा नॉर्वे स्वतः तेल आणि वायू विकून श्रीमंत झालेला देश आहे, हेही जाता जाता नोंदवतो. तरी जंगलासाठी एवढा पैसा मोकळा करणारा दुसरा देश शोधायला गेलात तर तो सापडणार नाही.

आता बंदीचा प्रश्न. जगाला बंदी घालता येत नाही, कारण जगाचे सरकार नाही. प्रयत्न झाला होता. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांबाबत सर्वांना बांधील असा करार व्हावा अशी श्रीमंत देशांची इच्छा होती. विरोधात पुढे होते मलेशिया आणि भारत. तुम्ही तुमची जंगले तोडून श्रीमंत झालात, आता आमच्या जंगलांवर हुकूम चालवू नका, असा त्यांचा सूर होता. शेवटी कोणावरही बंधन नसलेली तत्त्वे तेवढी मंजूर झाली. २०२१ मध्ये ग्लासगोत शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत जंगलतोड थांबवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, पण तोही शब्दच आहे, कायदा नव्हे. भारताने त्यावर सही केलेली नाही.

देशाच्या आत मात्र बंदी चालते, आणि ब्राझीलमध्ये तोड उतरली ती मुख्यतः तिथल्याच कायद्यांनी. ॲमेझॉनमधल्या खाजगी जमिनीचा ८० टक्के भाग जंगल म्हणून राखायचा, हा नियम १९९६ पासूनचा. तो बराच काळ कागदावर होता. २००४ मध्ये सरकारने मोठी योजना आखली. उपग्रहाकडून तोडीची खबर काही दिवसांत जंगलखात्याच्या पथकाला मिळू लागली, लाखो हेक्टर क्षेत्र राखीव झाले, सर्वाधिक तोड करणाऱ्या तालुक्यांची यादी जाहीर झाली. २००८ मध्ये बँकांना सांगितले की जमिनीची आणि जंगलाची कागदपत्रे नीट नसतील तर पीककर्ज द्यायचे नाही. नाक दाबल्यावर तोंड उघडले. परदेशी पैसा या सगळ्याच्या मागून आला. माझ्या मते त्याने जंगल विकत घेतले नाही. जंगल राखू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, गावांना आणि मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना बळ दिले. जिथे सरकारलाच राखायचे नव्हते, तिथे पैशाने फरक पडला नाही.

पैसे सरकारजवळ आले की जंगलात राहणाऱ्यांना काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ॲमेझॉनमध्ये आदिवासींच्या नावे झालेल्या प्रदेशांत तोड आजूबाजूपेक्षा खूपच कमी आढळते. म्हणून २०१० मध्ये कानकूनच्या परिषदेत स्थानिकांचे हक्क आणि सहभाग यांबाबत संरक्षक अटी घातल्या गेल्या. पण जमीन कोणाची हेच ठरलेले नसेल तर पैसा कोणाला द्यायचा? भाव नसलेल्या जंगलाला भाव आला की दावेदारही उगवतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे तिथल्या लोकांची किती वर्षे खर्ची पडली ते आठवले, की नुसत्या अटी लिहून भागत नाही हे कळते.

आपला संबंध एवढाच नाही. भारत हा पामतेल आयात करणारा जगातला सर्वांत मोठा देश आहे, आणि ते येते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. फरसाण, बिस्किटे, साबण यांत ते असते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचे पामतेल, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर, लाकूड आणि गुरांपासूनची उत्पादने आपल्या बाजारात येऊ द्यायची नाहीत. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी कोडगूच्या कॉफीवाल्यांची कागदपत्रांची धावपळ सुरू झालीच. युरोपने दार लावले आणि आपण उघडे ठेवले तर नको असलेला माल आपल्या दाराने येईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

संदर्भपातळीच्या रेघेवरून एवढी वर्षे भांडून झाल्यावर ब्राझीलने २०२५ मध्ये बेलेमच्या हवामान परिषदेत वेगळीच आखणी पुढे केली. ‘काय झाले असते’ हा प्रश्नच विचारायचा नाही. उभे असलेले उष्णकटिबंधीय जंगल मोजायचे आणि हेक्टरी वर्षाला ४ डॉलर द्यायचे. तोडलेल्या प्रत्येक हेक्टरामागे अनेक पटींनी जास्त हेक्टरांचे पैसे कापायचे, आणि पाचवा हिस्सा आदिवासी व स्थानिक समाजांसाठी ठेवायचा. गयानासारख्या धाकट्या भावाला इथे न्याय मिळतो. अडचण आता दुसऱ्या टोकाला आहे. हे पैसे देणगीतून येणार नाहीत. १२,५०० कोटी डॉलरचा निधी उभारून तो गुंतवायचा, गुंतवणूकदारांचे व्याज भागवायचे आणि उरलेल्या नफ्यातून जंगलवाल्या देशांना वाटप करायचे, असा बेत आहे. बाजार पडला तर हेक्टरी चार डॉलर येणार कुठून, हा प्रश्न उरतोच.

शेवटी तुमचा साग आणि आंबा. रेड प्लसचा हिशेब देशाच्या पातळीवर होतो, आणि बांधावरची झाडे त्या अर्थाने धोक्यातले जंगल नव्हेत, त्यामुळे नॉर्वेकडून तुम्हाला काही येणार नाही. शेतातल्या झाडांच्या कार्बन क्रेडिटसाठी काही खाजगी कंपन्या गावोगावी सह्या घेत फिरतात, तो निराळा बाजार आहे. त्यातही पैसे सहसा नव्या लागवडीचे मिळतात, आधीपासून उभ्या असलेल्या झाडांचे नव्हे. असे कोणी दारी आले तर करार किती वर्षांचा आहे, मधेच झाड पडले किंवा तोडावे लागले तर काय, मोजणीचा खर्च कोणाच्या माथी, क्रेडिट विकल्यावर तुमचा वाटा किती आणि तो कधी मिळणार, एवढे विचारा. आणि कराराची मराठी प्रत हातात आल्याशिवाय सही करू नका. सागाला चांगली किंमत आली असताना वीस-तीस वर्षे तो तोडता येणार नाही, हे कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.